महाबलीपुरमला निघालात की वाटेत मगरींच्या बँकेत उतरा

कूवमकाठी (धागाकर्ता)

चेन्नईत राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. मरीना, कपालीश्वर, एखादी रेशमी साडी आणि एक दिवस महाबलीपुरम. ईस्ट कोस्ट रोडने गाडी दक्षिणेला सुसाट निघते आणि वडनेम्मेली गावापाशी डाव्या हाताचं फाटक मागे पडतं. कुणीतरी म्हणतं, "अरे, मगरींचं काहीतरी होतं." तोवर शोअर टेंपल गाठायची घाई झालेली असते.

ते 'काहीतरी' म्हणजे मद्रास क्रोकोडाइल बँक. शहरापासून चाळीसेक किलोमीटर, महाबलीपुरमच्या अलीकडे. समुद्राला लागून जेमतेम साडेआठ एकर जागा, आणि मगरकुळातल्या इतक्या जाती एका जागी भारतात दुसरीकडे दिसायच्या नाहीत. आपली गोड्या पाण्यातली मगर, खाऱ्या पाण्यातली अजस्र मगर, लांब चोचीची घडियाल हे तिन्ही भारतीय प्रकार आहेतच; शिवाय सयामी, नाईलची, आफ्रिकेतली बुटकी, दक्षिण अमेरिकेतले केमन. जोडीला अल्डाब्राची महाकाय कासवं, घोरपडी, अजगर.

बँक का, तर ठेव म्हणून. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कातड्यासाठी एवढी शिकार झाली होती की घडियाल देशात दोनशेच्या आत उरली असावी असा अंदाज होता. १९७२ला वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७५ला केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर संवर्धन प्रकल्प सुरू केला आणि १९७६ला रोम्युलस व्हिटेकर यांनी ही बँक काढली. कल्पना सरळ होती. थोड्या मगरी आणायच्या, त्यांची पैदास करायची आणि रिकाम्या झालेल्या नद्यांसाठी पिल्लं द्यायची. व्हिटेकर त्याआधी गिंडीचा सर्पोद्यान उभारून बसले होतेच. जन्माने अमेरिकन, पण लहानपणीच भारतात आलेला माणूस. २०१८ला पद्मश्री मिळाली. त्यांच्या सोबतीने हे काम उभं करणाऱ्या झई व्हिटेकर म्हणजे मुंबईचे निसर्गअभ्यासक झफर फतेहअली यांची मुलगी. किहीमला ज्यांचं येणंजाणं आहे त्यांना हे घराणं सांगायला नको.

पैदास झाली. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त झाली. आणि खरी गोष्ट तिथून पुढे आहे. नव्वदच्या दशकात राज्यांच्या वनखात्यांनी सांगितलं, आता पुरे, आमच्याकडे सोडायला जागा नाही. मगरींना हे कुणी कळवलं नव्हतं. त्यांची अंडी चालूच. आकडा दोन हजारांच्या वर गेला. साडेआठ एकरांत!

म्हणून हा धागा. ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. आणि ज्यांना अशा जागा मुळातच पटत नाहीत त्यांनीही लिहा, कारण माझं स्वतःचं मत तिथे गेल्यावर दर वेळी थोडं इकडेतिकडे होतं.

---

सह्यकडा

मस्त लिहिलंय, पुढच्या भागाची वाट पाहतोय. डिसेंबरात जायचा बेत आहे. सात वर्षांची मुलगी घाबरेल का? तिला पाल दिसली तरी घर डोक्यावर घेते.

---

तिरपा डोळा

मी गेलोय. स्पष्ट लिहितो, राग नको.

आत शिरल्यावर पहिल्या मोठ्या खाचरात शेकडो मगरी एकमेकींवर पडलेल्या. एकीच्या पाठीवर दुसरीची मान, तिसरीचं शेपूट चौथीच्या तोंडाशी. कुणी हलत नाही. कडेला उभा असलेला एक बाप्या "ये खोटी है, प्लास्टिक की" म्हणत रिकामी बाटली मारायच्या तयारीत. याला संवर्धन म्हणायचं की गोदाम? प्राणी वाचला म्हणजे काय, श्वास चालू आहे एवढंच?

घडियालचा भाग मात्र चांगला वाटला, हेही लिहितो. पाण्यात नुसत्या चोची आणि नराच्या नाकावरचा तो मडक्यासारखा गोळा.

---

कूवमकाठी

@सह्यकडा, मुलं घाबरत नाहीत, कंटाळतात. मगर तासन्‌तास हलत नाही हे त्यांना सहन होत नाही. म्हणून खाऊ घालण्याची वेळ विचारून जा, तेव्हा जी उसळी बसते ती बघून मोठी माणसं दोन पावलं मागे सरकतात.

@तिरपा डोळा, राग कसला. ते खाचर मलाही खुपतं. फक्त दोन गोष्टी. गोड्या पाण्यातली मगर तशी कळपाने ऊन खाणारी आहे, जंगलात चांगल्या वाळूच्या पट्ट्यावरही त्या अंगाला अंग लावून पडतात. त्यामुळे दिसतं तितकं सगळंच गर्दीमुळे नसतं. पण बरंचसं असतं, हे मान्य. आणि सोडायला परवानगी नाही, विकायला कायदा नाही, मारायचं मन नाही, अशा स्थितीत बँकेने काय करावं? नर-माद्या वेगळ्या ठेवणं आणि अंडी हुडकून काढून नष्ट करणं, हे तिथे वर्षानुवर्षं चाललंय. ज्या जागेचा जन्म अंडी उबवायला झाला तिथे!

---

अंडज

सरपटणाऱ्या प्राण्यांवर अभ्यास चालू आहे म्हणून थोडी भर घालतो.

बँकेत संख्या का फुगली याचं एक कारण तिथेच नोंदवलं गेलं. आपल्या मगरीची मादी तिथे एका हंगामात दोनदा अंडी घालते. पहिली खेप घातली की महिना-दीड महिन्यात दुसरी. एका खेपेला साधारण पंचवीस-तीस अंडी. खायला नियमित, उबारा भरपूर, शत्रू नाही. मग हिशोब करा.

दुसरं, मगरीच्या पिल्लाचं लिंग गुणसूत्रांनी ठरत नाही, अंडी ज्या तापमानात उबतात त्याने ठरतं. भारतीय मगरीच्या बाबतीत हे काम बरंचसं याच बँकेत झालंय, जेफ्री लँग आणि व्हिटेकर यांनी १९८९ला ते प्रसिद्ध केलं. ३१ अंशांपर्यंत सगळ्या माद्या, ३२.५च्या आसपास बहुतेक नर, त्याच्यावर गेलं की पुन्हा माद्यांचं प्रमाण वाढतं. एक-दीड अंशाचा खेळ! वाळू तापत चाललीये अशा काळात हे नुसतं गंमत म्हणून वाचू नका.

तिसरी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. व्लादिमिर डिनेट्स या संशोधकाने २००७मध्ये इथल्या तळ्यात पाहिलं की बगळ्यांच्या वसतीखाली मगरी नाकावर काटक्या तोलून निश्चल पडतात. घरट्याच्या हंगामात काटक्यांसाठी बगळ्यांची मारामार असते. एखादा काटकी उचलायला उतरला की संपला. २०१३ला त्याने आणि सहकाऱ्यांनी हे अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरांच्या निरीक्षणांसह मांडलं आणि सरपटणारे प्राणी हत्यार वापरतात म्हणून जगभर बातमी झाली. पुढे अ‍ॅलिगेटरांवर मुद्दाम प्रयोग करून काहींनी शंका घेतली की काटक्या नाकावर नुसत्या अडकतही असतील. वाद चालू आहे. तोपर्यंत तळ्याकाठी उभं राहून आपलं आपण बघायला हरकत नाही.

---

बांगडा फ्राय

म्हणजे मगरी गळ टाकून बसतात आणि आपण म्हणतो ह्या प्लास्टिकच्या. :ड

---

औदुंबरकर

सगळं वाचलं. छान आहे. तिकीट काढून भिंतीआडची मगर बघायला सगळ्यांनाच आवडतं. आमच्याकडं बिनतिकिटाची आहे.

कृष्णाकाठचा माणूस आहे मी. भिलवडी, औदुंबर, अंकलखोप ह्या पट्ट्यात उन्हाळा लागला की मगर दिसली म्हणून रोज मोबाइलवर फोटो. मोटार चालू करायला पहाटे नदीवर जायचं तर आधी बॅटरी मारून काठ बघायचा. बायका धुणं घेऊन गेल्या की एकीनं नुसतं पाण्याकडं बघत बसायचं. पोरं पाण्यातनं ओढून नेल्याचं ज्या घरानं बघितलंय त्या घरात जाऊन सांगा, मगरीचं लिंग तापमानानं ठरतंय म्हणून.

वाळू उपसून उपसून काठ खाऊन टाकला माणसानं, हे मला कळतंय. मगर आमच्या आधीपासनं आहे, तेही कळतंय. पण पिंजऱ्यात धरा आणि ह्या असल्या एखाद्या पार्कात न्या असं आम्ही म्हटलं तर शहरातली माणसं लगेच शिकवायला येतात. आता ह्या धाग्यावर बघतोय तर पार्कच भरून वाहतंय.

---

अंडज

@औदुंबरकर, तुमचा राग रास्त आहे. उचलून दुसरीकडे सोडण्याबद्दल मात्र एक माहिती द्यायलाच हवी. ऑस्ट्रेलियात खाऱ्या पाण्यातल्या तीन मोठ्या मगरींना उपग्रहाचे टॅग लावून हेलिकॉप्टरने लांब नेऊन सोडलं होतं. तिघीही परत आपल्या नदीत आल्या. एक तर वीस दिवसांत चारशेहून जास्त किलोमीटर पोहून. आपल्या मगरीची झेप एवढी नसेल, पण एक जागा रिकामी केली की तिथे दुसरी येते हा अनुभव सगळीकडचा.

श्रीलंकेत नदीत खुंट रोवून घाटाभोवती कुंपण करतात, किंबुला कोटुवा म्हणतात त्याला. अंघोळ, धुणं त्या कुंपणाच्या आत. ओडिशातही असे बंदिस्त घाट केलेत. खर्च फार नाही. पुरात वाहून गेलं तर पुन्हा रोवायचं.

---

औदुंबरकर

कृष्णेचा पूर बघितलाय का कधी? खुंट नाही, घरं जातात. पण घाटाला जाळी हा मुद्दा ग्रामसभेत मांडण्यासारखा आहे. त्या कुंपणाचे फोटो असतील तर टाका.

---

फोंडेकार

आमच्या गोव्यात याची वेगळीच तऱ्हा. कुंभारजुवेच्या कालव्यात खारट पाण्यात राहणाऱ्या मगरी आहेत, पर्यटकांच्या होड्या त्यांना बघायला जातात. जात मात्र गोड्या पाण्यातलीच. आणि फोंड्याकडच्या काही गावांत पौष अवसेला खाजन शेताच्या बांधाजवळ चिखलाची मगर घडवून पुजतात. मांगे थापणी म्हणतात. बांध फुटला की भरतीचं खारं पाणी शेतात, वर्षाचं भात गेलं. त्या बांधाची राखण मगरीने करावी म्हणून हे मागणं.

माझ्या आजोळी अजून करतात. मामा म्हणतो, मगरीचा उपद्रव कधी झालाच नाही असं नव्हे, पण तिच्याशी वैर घेऊन खाजनात शेती होत नाही.

---

बांगडा फ्राय

एक वेडा प्रश्न, हाणू नका. जास्त झाल्यात तर कातड्याची शेती का करत नाहीत? तोच पैसा औदुंबरकरांच्या जाळीला जाईल.

---

कूवमकाठी

वेडा प्रश्न नाही. सुरुवातीच्या काळात हा पर्याय खरोखर चर्चेत होता आणि स्वतः व्हिटेकर त्या बाजूने बोलत आलेत. त्यांचा मुद्दा असा की नदीकाठच्या माणसाला मगरीतून चार पैसे मिळाले तर तो तिची अंडी फोडणार नाही.

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीत नेमकं हेच झालं. १९७१ला शिकार बंद केली तेव्हा तिथे खाऱ्या पाण्यातल्या सुमारे तीन हजार मगरी उरल्या होत्या असं मानतात. आता लाखाच्या घरात. जंगलातली अंडी ठरावीक प्रमाणात गोळा करून फार्मला विकतात, जमीनमालक आदिवासींना त्याचे पैसे मिळतात. आपल्याकडे मगर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तिच्या कातड्याचा पट्टासुद्धा विकता येत नाही.

माझं मत विचाराल तर आपल्याकडे ते चालणार नाही. फार्मची कुठली आणि नदीतून चोरलेली कुठली हे तपासणारी यंत्रणा आधी दाखवा, मग बोलू.

---

तिरपा डोळा

आणि जामनगर? त्याबद्दल कुणीच बोलत नाही.

---

कूवमकाठी

बोलूया की. बँकेतल्या एक हजार मगरी गुजरातेत जामनगरला रिलायन्सवाल्यांच्या केंद्रात पाठवायचं ठरलं, ते ठिकाण आता वनतारा म्हणून सगळ्यांना माहीत आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची परवानगी होती. मद्रास उच्च न्यायालयात त्याविरुद्ध याचिका झाली, ती फेटाळली गेली. वातानुकूलित गाड्यांतून मगरी तमिळनाडूतून गुजरातला, या बातमीची तेव्हा बरीच चेष्टा झाली.

मला यात दोन्ही बाजू दिसतात. करोनाच्या काळात फाटक बंद झालं तेव्हा तिकिटावर चालणाऱ्या या संस्थेची काय दशा झाली हे चेन्नईकरांनी पाहिलंय. मदतीची आवाहनं करावी लागली. मगर आठवड्यातून एकदा-दोनदा खात असली तरी दोन हजार तोंडं म्हणजे दोन हजार तोंडं. अशा वेळी कुणी पैसेवाला हजार मगरींचा जन्मभराचा खर्च उचलतो म्हटल्यावर नाही कशाला म्हणायचं? पण पन्नास वर्षांपूर्वी नद्यांसाठी ठेवलेली ठेव शेवटी एका खासगी संग्रहात जमा होते, हे कुठेतरी टोचतं. खाचरं मात्र आता मोकळी दिसतात. @तिरपा डोळा, पुन्हा जाऊन बघा.

---

तिरपा डोळा

मोकळी झाली यात आनंद आहे. पण मग बँकेने आता करायचं काय, पैदास तर नको आहे.

---

अंडज

मगरीची नको. घडियालची हवी आहे, कासवांची हवी आहे. २००७-०८च्या हिवाळ्यात चंबळमध्ये शंभराहून जास्त घडियाल मेल्या. शवविच्छेदनात संधिवातासारखा गाउट आणि निकामी मूत्रपिंडं आढळली. त्या नदीवर तेव्हापासून जे दीर्घ काम चाललंय त्यात बँकेची माणसं आहेत. पश्चिम घाटात आगुंबेचं केंद्रही व्हिटेकरांनीच २००५ला उभारलं, नागराजाला रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्याच्या मागे फिरण्याचं काम तिथलं. तिकीट काढून आपण जे बघतो ते दुकानाचं दर्शनी फळकूट आहे, माल आत आहे.

---

निळाई

इतक्या प्रतिसादांत इरुळांचं नाव नाही? मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात काम करते, मला या जागेचं अप्रूप मगरींमुळे नाहीच.

बँकेच्या आवारातच इरुळा सर्पपकड्यांची सहकारी संस्था आहे, १९७८ची. इरुळा ही तमिळनाडूतली आदिवासी जमात, पिढ्यान्‌पिढ्या साप पकडण्यात तरबेज. सापाच्या कातड्याचा धंदा बंद झाला तसं त्यांचं पोट गेलं. त्यावर व्हिटेकरांनी आणि त्यांनी मिळून वाट काढली: साप मारायचा नाही, विष काढायचं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार. मातीच्या मडक्यांत तीन-चार आठवडे ठेवतात, या मुदतीत काही वेळा विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि परत सोडून देतात. खूण असलेला साप पुन्हा सापडला तर लगेच उचलत नाहीत.

ते विष देशातल्या प्रतिविष करणाऱ्यांकडे जातं. आपल्या परळच्या हाफकिनकडेही गेलेलं आहे. घोड्यांना सूक्ष्म मात्रेत टोचून प्रतिविष तयार होतं आणि ती कुपी माझ्या फ्रिजमध्ये येते. भातलावणीत घोणस चावलेला माणूस रात्री दोन वाजता येतो तेव्हा त्या कुपीमागे वडनेम्मेलीचं मडकं आहे हे कुणाच्या गावीही नसतं. या जमातीतल्या मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल या दोघांना २०२३ला पद्मश्री मिळाली. २०१७ला ते फ्लोरिडाला जाऊन तिथे माजलेले अजगर पकडून आले होते!

एक तक्रारही नोंदवते. एकाच भागातल्या सापांच्या विषावर देशभराचं प्रतिविष बेतलेलं आहे आणि विष प्रदेशागणिक बदलतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने हे वारंवार दाखवलंय. आमच्याकडच्या फुरशाला कधीकधी कुप्यांवर कुप्या लागतात. असं विष गोळा करणारी केंद्रं महाराष्ट्रात, राजस्थानात, बंगालात हवीत. इरुळांचा दोष नाही यात, बाकीच्यांनी काही उभं केलं नाही हा आहे.

---

औदुंबरकर

हे माहीत नव्हतं. इथंच शेजारी बत्तीस शिराळ्यात साप धरणारे हात काय कमी होते का? त्यांना असं काही करून दिलं असतं तर.

---

निळाई

अगदी. मीही हाच विचार करते. पुण्यात १९८६ला नीलिमकुमार खैरे यांनी कात्रजचा सर्पोद्यान उभा केला, लोकांची भीती घालवण्याचं मोठं काम त्याने केलं. पण विषाच्या सहकारी संस्थेचं रोपटं इकडे रुजलं नाही.

---

सह्यकडा

धागा कुठल्या कुठे गेला, मजा आली. पण माझं मूळ काम राहिलंच. जायचं कसं, कधी, किती वेळ काढायचा? मुलीला हे सगळं वाचून दाखवलं, तर ती आता काटकीवाली मगरच बघायची म्हणून बसलीये.

---

कूवमकाठी

सोमवारी बंद असतं, हे पहिलं लक्षात ठेवा. कित्येक मराठी कुटुंबं फाटकावरून परत गेलेली बघितलीत. सकाळी उघडल्याबरोबर पोचा. अकरानंतर डिसेंबरातही घाम फुटतो. दोन-अडीच तास पुरतात. विष काढण्याचं प्रात्यक्षिक बघायला वेगळं छोटं तिकीट आहे, ते चुकवू नका, आणि वेळा तिथे गेल्या गेल्या विचारा.

चेन्नईहून महाबलीपुरमला जाणाऱ्या ईस्ट कोस्ट रोडच्या बस फाटकासमोरून जातात. कंडक्टरला इंग्रजी नाव सांगू नका, 'मुदलै पण्णै' म्हणा, बरोबर उतरवतो. काटकीसाठी बगळ्यांचा विणीचा हंगाम लागतो आणि तो डिसेंबरात असतोच असं नाही, एवढं मुलीला आधीच सांगून ठेवा. बदल्यात खाऱ्या पाण्यातली ती भली मोठी मगर दाखवा.

आणि पाण्याची बाटली पिशवीतच राहू द्या.

---

बांगडा फ्राय

@सह्यकडा, जाऊन आलात की फोटोंसकट वृत्तांत टाका. जेवण महाबलीपुरमला मासळीचंच करा, ते विसरलात तर धागा उडवायला लावीन.